शंभराचा बाँड आणि बहिणीचा हिस्सा

लोहाऱ्यात प्लॉट बघायला आलेला माणूस चार प्रश्न हमखास विचारतो. रस्ता किती फुटांचा? बोअरला पाणी लागतं का? मस्जिद किती लांब? आणि शेवटी आवाज थोडा खाली आणून, "कमीत कमी किती होईल?" चौदा वर्षे मी प्लॉट आणि घरांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करतोय. "ही जमीन नेमकी कोणाकोणाची आहे?" हा पाचवा प्रश्न विचारणारी माणसं मला बोटावर मोजण्याइतकीच भेटली. खरं सांगायचं तर पहिली काही वर्षे, तो प्रश्न कोणी विचारू नये अशीच माझीही इच्छा असायची.

आज या लेखात मी तोच पाचवा प्रश्न मांडणार आहे. तो जमिनीचा आहे, तितकाच आपल्या दीनचाही आहे.

आधी इथल्या बाजाराविषयी. लोहारा १९९९ मध्ये तालुका झाला. त्याआधी आपण उमरगा तालुक्यात होतो. तहसील आली, इतर कचेऱ्या आल्या, पुढे नगरपंचायत झाली आणि गावालगतच्या शेतांत चुन्याच्या रेघा पडू लागल्या. जिथे तूर-सोयाबीन होतं तिथे 'प्लॉट विकणे आहे'चे फलक लागले. सोलापूर-हैदराबाद महामार्ग आपल्याला सोडून उमरग्यावरून जातो, त्यामुळे इथला भाव मोठ्या शहरासारखा उसळत नाही, पण खालीही येत नाही. गिऱ्हाईक तीन प्रकारचं. खेड्यातून मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला येणारा, पुण्या-मुंबईत कमावून गावाकडे एक गुंठा तरी असावा म्हणणारा आणि सोनं घेण्याऐवजी प्लॉट घेऊन ठेवणारा. तिसऱ्या प्रकारामुळे कितीतरी प्लॉट वर्षानुवर्षे बाभळी सांभाळत पडून आहेत, आणि ज्याला खरोखर राहायचं आहे त्याला भाव परवडत नाही.

आपल्या समाजाची त्यात आणखी एक अडचण. आपल्याला आपल्याच मोहल्ल्याजवळ जागा हवी असते. काही ठिकाणी दुसरीकडे मिळत नाही, काही ठिकाणी आपणच जात नाही. मागणी एकाच पट्ट्यात दाटते, म्हणून त्या पट्ट्यात त्याच मापाच्या जागेला जास्त पैसे मोजावे लागतात. आणि व्यवहार 'आपल्याच' माणसाशी असल्यामुळे कागद कमी बघितला जातो. भाव जास्त आणि कागद कच्चा, असा हा दुहेरी तोटा.

कागदाची किंमत आपल्या तालुक्याला नव्याने सांगायला नको होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. सास्तूर, होळी, राजेगाव ही गावं उद्ध्वस्त झाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. नंतर जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झालं, बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. त्या गावांत कोणाला केवढं घर मिळणार हे ठरलं ते जमिनीच्या नोंदीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंतच्याला ४५० आणि त्याहून जास्तवाल्याला ७५०. दुःख सगळ्यांचं सारखं होतं, छप्पर मात्र सातबाऱ्यावरच्या नावाप्रमाणे मिळालं. हे योग्य होतं का, हा वेगळा वाद. पण संकटात सरकार तुमचा चेहरा बघत नाही, नोंद बघतं, हा धडा आपल्या आई-वडिलांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला आहे.

आता माझी चूक सांगतो.

साधारण २०१५ ची गोष्ट. एका गवंडीकाम करणाऱ्या भाईला मी एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट जागा मिळवून दिली. किंमत एक लाख ऐंशी हजार. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधलेल्या माणसाची ती सगळी बचत होती. जमीन शेतीची, एनए नाही, ले-आउट मंजूर नाही. खरेदीखत होणार नव्हतं. मग नेहमीप्रमाणे शंभर रुपयांच्या बाँडवर लिहून दिलं, नोटरी केली, दोन साक्षीदारांच्या सह्या. त्याने एकदा दबकत विचारलं होतं, पुढे काही होणार नाही ना? मी म्हणालो, "अपनेच लोगां हैं भाई, कायकू फिकर करते?" दोन्हीकडून दोन-दोन टक्के, असे ७,२०० रुपये मला मिळाले.

पाच वर्षांनी विकणारा वारला. सातबाऱ्यावर त्याच्या वारसांची नावं लागली. तोवर भाव दुपटीच्या वर गेला होता. मुलं म्हणाली, अब्बांनी काय लिहून दिलं ते आम्हाला माहीत नाही. गवंडीभाईने घरकुलासाठी अर्ज केला, तर जागा त्याच्या नावावर नाही म्हणून तो पुढे सरकला नाही. बँकेने दारात उभं केलं नाही. बांधकाम परवानगी मिळाली नाही. शेवटी जमातीतल्या चार मोठ्या माणसांनी बसून मिटवलं. त्याने त्याच जागेसाठी पुन्हा जवळपास तेवढीच रक्कम दिली. मी माझे ७,२०० परत केले. त्याने ते घेतले, काही बोलला नाही. माझ्या एका वाक्यावर त्याची कित्येक वर्षांची मजुरी गेली होती.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. साठेखत, बाँड, मुखत्यारपत्र यांनी मालकी बदलत नाही. मालकी बदलते ती नोंदणीकृत खरेदीखताने. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लँप प्रकरणात हेच ठासून सांगितलं. आता तो शंभराचा बाँड पाचशेचा झाला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने मुद्रांक वाढवला, पण त्याने बाँडची ताकद पाच पट झाली नाही. नगरपंचायतीची करपावती किंवा नमुना आठचा उतारा हासुद्धा मालकीचा पुरावा नाही. तो फक्त कर कोण भरतो हे सांगतो.

यात सगळा दोष गरिबाचा नाही, हेही म्हटलं पाहिजे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. शेतीचे तुकडे पडून ती परवडेनाशी होऊ नये हा त्याचा हेतू. २०२३ च्या अधिसूचनेनंतरही जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे हे किमान क्षेत्र आहे. ज्याची ऐपत एका गुंठ्याची, त्याने काय करायचं? एनए झालेला, मंजूर ले-आउटमधला प्लॉट महाग, म्हणून तो बाँडकडे वळतो. २०२५ मध्ये राज्य सरकारने नागरी आणि निवासी क्षेत्रांतले जुने तुकडे नियमित करण्याचा निर्णय घेतला, ही चांगली गोष्ट झाली. ज्यांच्याकडे असे बाँड आहेत त्यांनी विकणारा हयात आहे तोवर हालचाल करावी. कारण शेवटी नोंदणीकृत दस्त लागणारच, आणि त्यावर सही करणारा माणूस कायम राहत नाही.

पण आपल्याला हे शिकायला न्यायालयाची गरज का पडावी? कुरआनमधली सगळ्यात मोठी आयत कोणती? सूरह अल-बकराची २८२ वी. ती नमाजवर नाही, रोजावर नाही. ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्यावर आहे. लिहिणारा न्यायाने लिहिणारा असावा, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असली तरी लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी शिकवण त्यात आहे. म्हणजे कागद मागणं हा अविश्वास नाही. 'आपलेच लोक आहेत' हे वाक्य आपण विश्वास म्हणून वापरतो, पण बहुतेक वेळा ते कच्चा कागद झाकायला वापरलेलं असतं. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतलं धान्य ओलं निघालं, तेव्हा त्यांनी विक्रेत्याला काय सुनावलं ही हदीस आपण सगळ्यांनी जुमाच्या बयानात ऐकली आहे. माझ्या धंद्यात ओलं धान्य ढिगाखाली नसतं, ते फेरफाराच्या नोंदीत असतं.

आणि त्या नोंदीत सगळ्यात आधी गायब होतं ते बहिणीचं नाव.

एक कुटुंब. वडील वारलेले, मागे आई, दोन भाऊ, तीन बहिणी. रस्त्याकडेचा आठ गुंठ्यांचा एनए झालेला तुकडा विकायचा होता. मृताचे आई-वडील हयात नव्हते. शरीअतचा हिशेब इथे लहान मुलालाही जमेल इतका सोपा आहे. पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे एक गुंठा. उरलेल्या सात गुंठ्यांत मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे दोन भावांना दोन-दोन आणि तीन बहिणींना एक-एक. आठाचे आठ गुंठे चोख वाटले जातात. आणि हा हक्क कोणी 'द्यायचा' नसतो. वडिलांनी डोळे मिटले त्या क्षणी तो प्रत्येकाचा स्वतंत्रपणे झालेला असतो. भाऊ फक्त स्वतःचा हिस्सा विकू शकतो.

म्हणूनच घेणाऱ्याचा वकील हक्कसोडपत्र मागतो. बहिणी सासरहून येतात, सही करतात, बिर्याणी खाऊन परत जातात. त्या दिवशी सगळ्यात मोठ्या बहिणीने मला विचारलं, "भाई, ये काय का कागद है?" मी म्हणालो, "कुछ नै आपा, खाली सही है." गुंठ्याला चार लाखांचा भाव ठरला होता. तिने विचारला नाही, मी सांगितला नाही. माझ्या एका 'कुछ नै'ची किंमत चार लाख होती.

दोन वर्षांनी तीच आपा, नवरा वारल्यावर, लोहाऱ्यात भाड्याची खोली शोधत माझ्याकडे आली. मी खोली दाखवली, दलाली घेतली नाही आणि घरी जाऊन जेवू शकलो नाही. नंतर दोन्ही भावांशी बोललो. धाकट्याने थोडे थोडे करून आपल्या वाट्याचं परत केलं. थोरला म्हणाला, तिने स्वतःच्या हाताने सही केली आहे, कायद्याने आमचं काही चुकलं नाही. कायद्याने तो बरोबर आहे. हक्कसोडपत्र घेणाऱ्याचं रक्षण करतं. त्या खोलीत बहिणीचं रक्षण करणारं कोणी नव्हतं, आणि जो एक माणूस सांगू शकत होता तो मी होतो.

आपल्याकडे यावर ठरलेली उत्तरं आहेत. "तिच्या लग्नात खर्च केला की." लग्नाचा खर्च वडिलांनी त्यांच्या हयातीत केला, तो वारशातून वजा करण्याची सोय कुरआनने ठेवलेली नाही. "तिने खुशीने माफ केलं." खुशी तेव्हा म्हणावी, जेव्हा आकडा सांगून, हिस्सा तिच्या नावावर किंवा हातात देऊन मग ती परत करेल. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही म्हणजे खुशी नव्हे. "भाऊ अडीअडचणीला उभा राहतो ना?" राहिलाच पाहिजे. पण आधाराच्या बदल्यात हिस्सा हा सौदा सूरह अन-निसामध्ये कुठे आहे? तिथे पुरुषांचा हिस्सा आहे तसा स्त्रियांचाही आहे, मालमत्ता थोडी असो की जास्त.

आपण वर्तमानपत्रात, सभांमध्ये आपल्या हक्कांविषयी बोलतो. शहरात मुस्लिम नावाला भाड्याने घर मिळत नाही, याचा राग आपल्याला येतो आणि तो रास्त आहे. पण त्याच तोंडाने आपण घरातल्या बहिणीला तिच्या घराबाहेर ठेवणार असू, तर आपल्या मागणीला जोर कुठून येणार?

आता मी व्यवहार हातात घेण्याआधी तीन गोष्टी बघतो. खरेदीखत होणार आहे का? सगळ्या वारसांची नावं नोंदीत आहेत का, आणि बहिणींना भाव माहीत आहे का? जमीन भोगवटादार वर्ग-२ किंवा निजामकाळातली इनामी तर नाही ना? मस्जिद-दर्ग्याच्या खिदमतीसाठी दिलेली खिदमतमाश जमीन विकणं म्हणजे कौमची अमानत विकणं, आणि मराठवाड्यात हे कमी झालेलं नाही. या तीन प्रश्नांमुळे माझे व्यवहार कमी झाले. एकदा एका ओळखीच्याने तोंडावर सांगितलं, तू दलाल आहेस, काझी होऊ नकोस. त्याचा व्यवहार दुसऱ्याने केला. घर चालवायला आता मी बांधकामाचं साहित्यही विकतो.

तरुण वाचकांकडे माझं मागणं लहान आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मोबाइलवर पंधरा रुपयांत निघतो. या रविवारी तो काढा, जुने फेरफार मागवा आणि अम्मी-अब्बांसोबत बसा. आजोबांच्या जमिनीवर फुफीचं नाव आहे का ते बघा. नसेल तर का नाही, हे विचारा. घर घेणार असाल तर बायकोच्या किंवा आईच्या नावावर घ्यायचा विचार करा. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आणि ज्या दिवशी तुमची बहीण कागदावर सही करायला बसेल, त्या दिवशी तो कागद तिला मोठ्याने वाचून दाखवा, आकड्यासकट. त्यानंतर तिने काय करायचं ते तिला ठरवू द्या.