विश्लेषण : माहितीपटांना परदेशात दाद, मग देशात पडदा का नाही?

ऑस्कर, कान, सनडान्स अशा ठिकाणी भारतीय माहितीपटांचे कौतुक होत आहे. मात्र ज्या माणसांच्या जगण्यावर हे माहितीपट बेतलेले आहेत, त्यांच्याच गावात ते दाखवले जाणे दुर्मीळ आहे. असे का होते?

कोणते माहितीपट गाजले?

नीलगिरीच्या मुदुमलाई परिसरात हत्तीच्या अनाथ पिल्लांना वाढवणाऱ्या आदिवासी जोडप्यावरील 'द एलिफंट व्हिस्परर्स'ला २०२३ मध्ये लघुमाहितीपटाचे ऑस्कर मिळाले. त्याच वर्षी दिल्लीत जखमी घारींवर उपचार करणाऱ्या दोन भावांवरील 'ऑल दॅट ब्रीद्स'ला नामांकन होते. त्याआधी या माहितीपटाने २०२२ मध्ये सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत पुरस्कार मिळवला होता. 'खबर लहरिया' या ग्रामीण महिलांच्या वृत्तपत्रावरील 'रायटिंग विथ फायर' २०२२ मध्ये ऑस्करच्या अंतिम यादीत पोहोचला. मुंबईतील दोन कोळी मित्रांवरील सर्वनिक कौर यांच्या 'अगेन्स्ट द टाइड'ला २०२३ मध्ये सनडान्सचा विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. त्यातला एक मित्र वाडवडिलांच्या पद्धतीने किनाऱ्याजवळ मासेमारी करतो, तर दुसरा कर्ज काढून, आधुनिक साधने घेऊन खोल समुद्रात जातो. मासळी दोघांच्याही जाळ्यात कमी होत चालली आहे.

महाराष्ट्राशी नाते किती जुने?

कथापटाआधी या देशात माहितीपट आला, तोही मुंबईत. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रीकरण केले. रँग्लर परांजपे १९०१ मध्ये केंब्रिजहून परतले, तेव्हाच्या स्वागताचेही दृश्य त्यांनी टिपले. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'पूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली आणि तिचे मुख्यालय मुंबईतच राहिले. सत्यजित राय यांचा रवींद्रनाथांवरील अनुबोधपट (१९६१) आणि स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुणांना बोलते करणारा एस. एन. एस. शास्त्री यांचा 'आय अ‍ॅम ट्वेंटी' (१९६७) ही याच संस्थेची निर्मिती.

मग प्रेक्षक दुरावला कसा?

चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी सरकारी वृत्तपट किंवा अनुबोधपट दाखवणे दीर्घकाळ बंधनकारक होते. त्यामुळे या प्रकाराला देशभर पडदा मिळाला, पण तिकीट काढून तो पाहण्याची सवय लागली नाही. माहितीपट म्हणजे सरकारी प्रचार, हा समज त्याच काळातला. पुढे दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचली आणि चित्रपटगृहातली ती जागाही गेली. आजही चित्रपटगृह मालकाला माहितीपटाचा खेळ परवडत नाही आणि वितरकाला जाहिरातीचा खर्च निघेल याची खात्री नसते.

पैसा कुठून येतो?

एकेका माहितीपटासाठी अनेक वर्षे चित्रीकरण चालते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात १९९७ मध्ये झालेल्या पोलीस गोळीबारापासून सुरू होणारा, शाहिरी परंपरेचा वेध घेणारा आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण व्हायला १४ वर्षे लागली. एवढा काळ थांबणारा निर्माता देशात सापडणे कठीण. म्हणून अनेक दिग्दर्शक सनडान्स किंवा अ‍ॅमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवाशी जोडलेल्या निधीकडे वळतात. साहजिकच पहिला खेळ परदेशात होतो. ओटीटीवर माहितीपट वाढले आहेत हे खरे. तरीही गुन्हेगारी, क्रिकेट आणि तारे-तारकांवरील मालिका तिथे सहज दिसतात, कोळीवाड्यावरचा माहितीपट शोधावा लागतो.

प्रमाणपत्राचा मुद्दा काय?

जाहीर प्रदर्शनासाठी माहितीपटालाही सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र लागते. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव अर्थात 'मिफ'मध्ये २००४ साली भारतीय माहितीपटांना हे प्रमाणपत्र सक्तीचे करण्याचा प्रयत्न झाला. त्याविरोधात माहितीपटकार एकत्र आले आणि 'विकल्प' हा समांतर उपक्रम उभा राहिला. 'फादर, सन अँड होली वॉर' दूरदर्शनवर दाखवला जावा यासाठी पटवर्धन यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि २००६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. विषय वादाचा असेल, तर वाहिन्या आणि मंच आधीच हात आखडता घेतात, असा या क्षेत्राचा अनुभव आहे.

विलीनीकरणाने काय बदलले?

फिल्म्स डिव्हिजन, पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, चित्रपट महोत्सव संचालनालय आणि बालचित्र समिती यांचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. २०२२ मध्ये त्याची अंमलबजावणी झाली. एकाच कामाची पुनरावृत्ती टळेल, ही सरकारची भूमिका. संग्रहाची मालकी सरकारकडेच राहील, असेही स्पष्ट करण्यात आले. शेकडो चित्रपटकर्मींनी मात्र हरकत घेतली. महामंडळाला जमाखर्चाचा विचार करावा लागतो, मग नफा न देणाऱ्या माहितीपटाला आणि जुन्या रिळांना प्राधान्य मिळेल का, हा त्यांचा प्रश्न होता. फिल्म्स डिव्हिजनच्या संग्रहात आठ हजारांहून अधिक माहितीपट आणि लघुपट आहेत. चित्रपट वारशाच्या जतनासाठी ५९७ कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियानही आहे. पण जतन केलेला माहितीपट शाळा-महाविद्यालयांपर्यंत आणि मोबाइलपर्यंत सहज पोहोचला, तरच त्या खर्चाचा लोकांना उपयोग.

प्रेक्षक मिळाला तर काय होते?

माइक पांडे यांच्या 'शोअर्स ऑफ सायलेन्स'ने गुजरातच्या किनाऱ्यावर होणारी बहिरी माशाची, म्हणजे व्हेल शार्कची कत्तल दाखवली. त्यानंतर २००१ मध्ये या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आणि त्याच्या शिकारीवर बंदी आली. कोळ्यांची मासेमारी, शाहिरांची गाणी, जंगलातले माणूस-प्राणी नाते यांतले बरेच काही डोळ्यांदेखत बदलते आहे. ते परदेशातील परीक्षकांनी पाहिले. धोरण ठरवणाऱ्यांनी आणि खुद्द त्या वस्त्यांनी ते कुठे पाहायचे, याची सोय अजून व्हायची आहे.