डोंगल कोणाच्या खिशात?

प्रत्येक ग्रामपंचायतीने आपापला संगणक, आपापले सॉफ्टवेअर, आपापला माणूस असा वेगळा संसार थाटण्याऐवजी ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या तिन्ही पातळ्यांनी मिळून एकच तांत्रिक सेवा वापरावी, अशी व्यवस्था महाराष्ट्रात २०११ पासून चालू आहे. आधी तिचे नाव 'संग्राम' होते. २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्र'. आपल्या कार्यकर्त्यांत याबद्दल दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, सगळे ऑनलाइन झाले, आता भ्रष्टाचाराला जागा नाही. दुसरा म्हणतो, गावाची स्वायत्तता गेली, गावाचा कारभार गावाच्याच हाती राहिला पाहिजे. आम्हाला दोन्ही पटत नाहीत. त्यातही दुसऱ्याची जास्त चिंता वाटते, कारण तो आपल्याच शिकलेल्या पोरांच्या तोंडून येतो.

गावाची स्वायत्तता म्हणजे कोणाची? ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. पंचायतींच्या हाती न्यायदान देण्याचा धोका त्यांनी दाखवला आणि अस्पृश्यांसाठी राखीव जागांची मागणी केली. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांचा समाचार घेतला आणि मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हे एकक मानले, याचे समाधान व्यक्त केले. हे भाषण जयंतीच्या दिवशी सगळ्यांना आठवते. 'गाव करील ते राव काय करील' ही म्हण आपल्या वस्तीने कधी अभिमानाने उच्चारली आहे का, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे.

नमुना ८ चेच घ्या. गावातली घरे, त्यांचे मालक आणि त्यांवरचा कर यांची ही नोंदवही. या वहीत नाव नसेल तर घरकुलाच्या यादीत अडचण, वीजजोडणीला अडचण, बँकेत अडचण. बौद्ध आणि मातंग वस्त्यांतली किती घरे पिढ्यानपिढ्या या वहीबाहेर राहिली, हे वस्तीत दोन दिवस फिरणाऱ्याला कळते. वही कुठे असायची? ग्रामसेवकाच्या पिशवीत, नाहीतर सरपंचाच्या माडीवर. (ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, पिशवी तीच आहे.) उतारा हवा असेल तर माडीच्या पायरीशी उभे राहायचे. मागच्या निवडणुकीत मत कोणाला दिले, याचा हिशेब आधी आणि उतारा नंतर.

ही वही जर सगळ्या गावांसाठी एकाच पद्धतीने, एकाच प्रणालीत, तालुक्याला आणि जिल्ह्याला दिसेल अशी ठेवली, तर आपल्या माणसाला माडीची पायरी चढावी लागत नाही. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखल्यांना मुदत घालून दिली. नमुना ८ चा उतारा, जन्म-मृत्यूचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला हे सगळे त्यात आले. अर्जाची पोच घ्यायची, मुदत संपली की अपील, त्यावर दुसरे अपील, मग आयोग. कागदावरच्या वहीत 'साहेब मीटिंगला गेलेत' हे उत्तर चालून जायचे. तारखेसह नोंदलेल्या अर्जावर ते चालत नाही, निदान चालायला नको. म्हणून आम्ही सामायिक तांत्रिक सेवेच्या बाजूने आहोत, आणि हे स्पष्ट बोलायला आम्हाला संकोच वाटत नाही.

आमचे भांडण सेवेशी नाही, तिच्या मालकीशी आहे.

२०१६ नंतर ही केंद्रे चालवायला दिली ती सीएससी ई-गव्हर्नन्स सर्व्हिसेस इंडिया या, कंपनी कायद्याखाली २००९ साली स्थापन झालेल्या कंपनीकडे. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळासाठी ग्रामपंचायतींना थेट निधी दिला, गावाने आपला आराखडा आपण करावा म्हणून. त्याच निधीतून वस्तुसेवा करासह दरमहा १२,३३१ रुपये, म्हणजे वर्षाला १,४७,९७२ रुपये, केंद्रापोटी भरा असा आदेश वरून आला. संगणकावर प्रत्यक्ष बसणाऱ्या परिचालकाचे मानधन होते सहा हजार. तेही महिनोन्महिने थकायचे. आझाद मैदानावर आणि नागपूरच्या अधिवेशनावर हे परिचालक पुन्हा पुन्हा का धडकले, ते या दोन आकड्यांवरून समजावे. बाकीच्या रकमेत कागद, देखभाल, प्रशिक्षण असे खर्च दाखवले होते. आम्ही काम करतो त्या तालुक्यातल्या परिचालकांना आम्ही विचारले, प्रिंटरची शाई कोण आणते? बहुतेकांचे उत्तर होते, 'आम्हीच.'

निधीत वस्तीचा वाटा होता. वित्त आयोगाचा पैसा आराखड्यात अनुसूचित जाती-जमातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करायचा असतो. वस्तीतल्या गटारासाठी 'निधी शिल्लक नाही' हे उत्तर आम्ही कित्येक ग्रामसभांत ऐकले. केंद्राच्या रकमेबद्दल ते उत्तर एकदाही ऐकले नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला, तेव्हा राज्यभर तरुण पेटले आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. चांगले झाले. पण गावपातळीवर ही पद्धत २०११ पासूनच राबत होती. हजारो संगणक परिचालक कंपनीमार्फत नेमले गेले. गावाचे रोजचे काम करणारे, गावाच्या पैशातून पगार घेणारे, तरीही गावाचे कर्मचारी नसलेले. नेमणूक कंपनीची, म्हणून बिंदुनामावली नाही. बिंदुनामावली नाही, म्हणून आरक्षण नाही. एवढे मोठे दार आपल्यासमोर बंद झाले आणि आपण त्या काळात महाविद्यालयाच्या फाटकावर सत्यशोधनाची पोस्टर्स लावत होतो. परिचालकांच्या मोर्चाला निळे झेंडे किती गेले?

१९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मांडणी केली. आज गावाचा जन्म, मृत्यू, घर आणि कर ज्या प्रणालीत नोंदला जातो, ती मूलभूत नाही तर काय आहे? मग ती राज्याने स्वतः चालवावी. परिचालकांना ग्रामपंचायत कर्मचाऱ्याचा दर्जा द्यावा आणि पुढच्या नेमणुका आरक्षणासह जाहिरात देऊन कराव्यात. 'खर्च परवडणार नाही' म्हणणाऱ्यांना वरचा १२,३३१ चा आकडा पुन्हा वाचून दाखवावा.

आता डोंगलविषयी. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यातून बाहेर काढायला दोन डिजिटल सह्या लागतात, ग्रामसेवकाची आणि सरपंचाची. सही असते एका छोट्या डोंगलमध्ये. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राखीव जागेवर आपली बाई सरपंच झाली. खुर्ची मिळाली. तिचे डोंगल मात्र उपसरपंचाच्या नाहीतर ठेकेदाराच्या खिशात आणि पासवर्ड चिठ्ठीवर. काही ठिकाणी दोन्ही डोंगल एकाच ड्रॉवरमध्ये. कोऱ्या चेकवर अंगठा घेण्याचा जुना प्रकार निदान तिच्या डोळ्यांसमोर तरी व्हायचा. आता तिला न सांगता तिची सही होते, आणि उद्या चौकशी लागली तर कलम तिच्यावरच लागते. एखादी ताई डोंगल परत मागते, तेव्हा तिला सांगितले जाते, 'तुम्हाला त्यातलं काय कळतंय?' हे वाक्य नवे नाही, फक्त ते आता संगणकाच्या नावाने बोलले जाते.

म्हणून तरुणांना आमचे म्हणणे असे आहे की, पुढच्या ग्रामसभेला मोकळ्या हाताने जाऊ नका. २४ एप्रिल २०२० पासून चालू असलेल्या 'ई-ग्रामस्वराज' संकेतस्थळावर तुमच्या गावाचा आराखडा आणि खर्च दिसतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. वस्तीच्या नावावर दाखवलेले काम वस्तीत आहे का, ते जाऊन बघा, फोटो काढा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले मागासवर्गीयांसाठीचे १५ टक्के कुठे गेले, ते लेखी विचारा. केंद्रापोटी आजवर किती रक्कम भरली आणि परिचालकाला किती मिळाली, हे माहितीच्या अधिकारात मागा. आणि आपली ताई सरपंच असेल तर तिच्या शेजारी बसून आधी पासवर्ड बदलून घ्या. दहा मिनिटांचे काम आहे. त्यानंतर गावात जो गोंधळ उडेल, त्याची तयारी मात्र दहा मिनिटांत होणार नाही; ती वस्तीच्या बैठकीत आधीच करून ठेवा.