पात्याचे मोल : नवे की वापरलेले?

दानात मिळालेल्या गायीचे दात मोजू नयेत, असे म्हणतात. विकत घेतलेल्या गायीचे मात्र मोजायलाच हवेत, आणि ती दुसऱ्याच्या गोठ्यातून आलेली असेल तर दोनदा मोजावेत. उत्तम प्रतीचा घडीचा चाकू घ्यायला निघालेल्या ग्राहकालाही हीच सावधगिरी लागू पडते. वस्तू छोटी, खिशात मावणारी. पण तिच्या निमित्ताने खरेदीचे जे प्रश्न उभे राहतात, ते दुचाकी, शिलाई यंत्र किंवा कॅमेरा घेतानाही उभे राहतात.

झाशी हे बदल्यांचे गाव. लष्कराची मोठी छावणी, रेल्वेचे विभागीय कार्यालय, वॅगन दुरुस्तीचा जुना कारखाना आणि भेलचा प्रकल्प यांमुळे येथे कुटुंबे येत-जात असतात. जाणाऱ्याला सामान हलके करायचे असते, येणाऱ्याला संसार मांडायचा असतो. अशा गावात वापरलेल्या वस्तूंची देवघेव ओघानेच होते. दुसरीकडे, नेवाळकरांच्या काळापासून येथे रुजलेल्या मराठी घरांना जुन्या वस्तूचे मोल निराळे सांगावे लागत नाही. आजोबांचा अडकित्ता नातवाच्या पानपुड्यात असतो आणि आजीच्या विळीला धार लावून सून भाजी चिरते. वापरलेली वस्तू म्हणजे हलकी वस्तू, हा समज त्या घरांत कधी नव्हताच.

याच उत्तर प्रदेशातील मेरठच्या कात्रीविषयी एक म्हण प्रचलित आहे : ‘दादा ले, पोता बरते.’ आजोबाने घ्यावी आणि नातवाने वापरावी. या कात्रीला २०१३ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिची पाती मोटारी आणि रेल्वेच्या भंगारातील पोलादापासून घडवली जातात. म्हणजे नवी म्हणून घेतलेली कात्रीही मुळात वापरलेल्या लोखंडाचाच दुसरा जन्म असते. पोलाद जुने होते म्हणून टाकाऊ होत नाही. ते कोणी घडवले आणि पुढे कसे सांभाळले, यावर त्याची योग्यता ठरते.

नव्याची बाजू

नव्या चाकूबरोबर ग्राहकाला तीन गोष्टी मिळतात : अस्पर्शित पाते, पावती आणि हमी. यांपैकी हमीविषयी थोडा गैरसमज आहे. स्वित्झर्लंडमधील इबाख येथे कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातून पुढे व्हिक्टोरिनॉक्स ही नाममुद्रा जन्मली. १८९७ मध्ये नोंदवलेला त्यांचा ‘ऑफिसर’ चाकू आज जगभर ओळखला जातो. ही कंपनी साहित्य व कारागिरीतील दोषांची हमी देते. रोजच्या वापरातील झीज आणि गैरवापराने झालेली मोडतोड या हमीत येत नाही. दर्जेदार उत्पादकांची हमी बहुधा याच स्वरूपाची असते. तेव्हा हमीचे कागद हातात आले म्हणजे चाकू चिरंजीव झाला, असे मानून जादा पैसे मोजणे योग्य नव्हे.

पावतीचे महत्त्व मात्र मोठे आहे. वस्तू सदोष निघाल्यास विक्रेत्याकडे आणि गरज पडल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग पावतीमुळे मोकळा राहतो. एका गृहस्थाने दुसऱ्या गृहस्थाला घरातील वस्तू विकली, तर तो मार्ग सहसा उपलब्ध नसतो. तेथे विश्वास आणि स्वतःची नजर एवढेच भांडवल असते.

वापरलेल्याचा हिशेब

समजा, नव्या चाकूची किंमत ८,००० रुपये आहे आणि तसाच वापरलेला चाकू ५,००० रुपयांना मिळतो आहे. वरवर पाहता ३,००० रुपये वाचले. पण साफसफाई, धार आणि एखादा सुटा भाग यांसाठी ५०० रुपये धरले, तर खरी किंमत ५,५०० होते. नवा चाकू २० वर्षे टिकेल असे मानले, तर त्याचा वर्षाचा खर्च ४०० रुपये पडतो. वापरलेल्याचे १५ वर्षे आयुष्य उरले असेल, तर तो वर्षाला सुमारे ३६७ रुपयांत पडतो. तेच आयुष्य १० वर्षे उरले असेल, तर ५५० रुपयांत. याचा अर्थ असा की, वापरलेल्या चाकूचे किमान चौदा वर्षांचे आयुष्य शिल्लक असले तरच तो नव्याहून स्वस्त पडतो. मागणाऱ्याने किती किंमत सांगितली, यापेक्षा पात्यात किती आयुष्य उरले आहे, हा प्रश्न म्हणूनच पहिला.

वापरलेल्याच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. वस्तू दुकानाबाहेर पडताच तिच्या किमतीत होणारी पहिली घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. दुसऱ्या मालकाने पुढे ती विकायची ठरवली, तर त्याला फारसा तोटा होत नाही. शिवाय हातात उरलेले २,५०० रुपये ठेवीत ठेवले आणि त्यावर वर्षाला ६ टक्के चक्रवाढ व्याज मिळाले असे धरले, तर दहा वर्षांत त्यांचे सुमारे ४,४७७ रुपये होतात. उलट, नव्या वस्तूच्या मोहाने क्रेडिट कार्डावर खरेदी केली आणि बिल वेळेत भरले नाही, तर ८,००० चा चाकू किती हजारांचा होईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

पात्याची पारख

वापरलेला चाकू हाती घेतल्यावर पाहायच्या खुणा ठरलेल्या आहेत. पाते उघडून बाजूने हलवून पाहावे. ते डुलत असेल तर सांध्याची झीज झाली आहे. खटक्याचा चाकू असेल तर खटका पूर्ण बसतो की नाही, हे मूठ घट्ट धरून तपासावे. उघडे पाते अकस्मात मिटले तर बोटे जायची. पात्याची रुंदी मुळापेक्षा कमी वाटत असेल, तर ते सहाणेवर पुष्कळ वेळा घासले गेले आहे. टोक बोथट किंवा आखूड दिसले, तर ते एकदा मोडून पुन्हा घडवलेले असू शकते. धारेजवळ निळसर छटा असेल, तर वेगाने फिरणाऱ्या यंत्रावर पाते तापले असून पोलादाचे पाणी उतरले आहे, असे समजावे. असे पाते कितीही घासले तरी धार धरत नाही. मुठीवरचे ओरखडे, पितळेवरचा काळपटपणा ही मात्र केवळ वयाची चिन्हे आहेत. त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. किंबहुना घासाघीस करण्यास ती उपयोगीच पडतात.

ज्याला ही पारख नाही, त्याने जवळच्या एखाद्या धार लावणाऱ्याला चाकू दाखवावा. आयुष्यभर पोलाद हाताळणाऱ्याचा अंगठा जे सांगतो, ते जाहिरातीतील छायाचित्र सांगू शकत नाही.

कायदा आणि कपट

चाकू ही अशी वस्तू आहे की तिच्या खरेदीत कायद्याचे भान सुटता कामा नये. शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालील नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. याखेरीज विशिष्ट क्षेत्रांपुरती अधिक कडक अधिसूचना काढण्याचा अधिकारही शासनाला आहे. दिल्लीत तशी अधिसूचना निघालेली आहे. झाशीहून गाडीने दिल्लीला जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. विमानात तर चाकू हातसामानात नेता येतच नाही.

वस्तू चोरीची निघाली तर नुकसान दुहेरी होते. वस्तू विक्री कायदा १९३० चे तत्त्व स्पष्ट आहे : विकणाऱ्यापाशी जी मालकी नाही, ती घेणाऱ्याला मिळू शकत नाही. आणि चोरीची आहे हे ठाऊक असून वस्तू घेतल्यास भारतीय न्याय संहितेनुसार तो गुन्हाही ठरतो. म्हणून मूळ पावती मागण्यात संकोच नसावा. सचोटीचा विक्रेता त्याने दुखावत नाही.

याहून मोठा धोका आज वस्तूत नसून व्यवहारात आहे. आपण लष्करी अधिकारी आहोत, अचानक बदली झाली आहे, सामान घाईने विकायचे आहे, असे दूरध्वनीवरून सांगून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार देशभर घडले आहेत. छावणीच्या गावात अशी कथा सहज पटते, कारण तेथे बदल्या खरोखरच होतात. जवानाविषयीचा आदर हेच फसवणुकीचे हत्यार बनते. ‘पैसे मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगणारा माणूस पैसे देत नसून घेत असतो. पिन केवळ पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. वस्तू हाती येण्यापूर्वी एक रुपयाही देऊ नये. फसवणूक झालीच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. तेथे गेलेला प्रत्येक तास मोलाचा असतो.

निर्णय

तर मग नवा की वापरलेला? विक्रेता माहितीचा असेल, चाकू हातात घेऊन उघडून पाहता येत असेल आणि दुरुस्ती धरूनही किंमत नव्याच्या दोन-तृतीयांशांच्या आत राहत असेल, तर वापरलेला घेणे शहाणपणाचे आहे. यांपैकी एकही अट पुरी होत नसेल, तर नवा घ्यावा. आणि नवा उंची चाकू ऐपतीबाहेरचा असेल, तर उसनवारी करण्यापेक्षा साधा पण चांगल्या पोलादाचा नवा चाकू घेऊन तो नीट सांभाळावा. वापरून झाल्यावर पुसलेले, सांध्यात तेलाचा थेंब घातलेले आणि वेळच्या वेळी सहाणेवर फिरवलेले साधे पातेही पिढी ओलांडते.

मेरठच्या म्हणीत आजोबा आहे आणि नातू आहे. मधली वर्षे ती वस्तू कोणी जपली, हे म्हण सांगत नाही. नव्या वा जुन्या, कोणत्याही खरेदीचे खरे मोल त्या मधल्या वर्षांत ठरत असते.