न बोलणाऱ्या मुलास शुभवर्तमान



पांढुर्णा-सौंसरकडील आपल्या एखाद्या घरी असे बालक असते, की ज्याची बुद्धी वयाबरोबर वाढली नाही. रविवारी त्याची भावंडे धर्मशिक्षणाच्या वर्गास जातात आणि ते आजीजवळ ओसरीवर बसून राहते. त्याला घरी ठेवणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नसतो, “त्याला काय कळणार?” एवढेच ते म्हणतात. परंतु या बोलण्यामागे एक मोठा प्रश्न उभा आहे. या बालकास प्रथम ख्रिस्तप्रसाद मिळावयाचा की नाही?

ज्याला वाचता येत नाही, लांब वाक्य पेलत नाही, त्यालाही कथा सांगता येते. इंग्लंडातील बॅग बुक्स नावाची संस्था अशांसाठी कथा तयार करते. वाक्यांच्या जोडीला हाताळावयाच्या, हुंगावयाच्या, वाजवावयाच्या वस्तू असतात. मुंबईची जय वकील शाळा तर १९४४ पासून या मुलांसाठी झटत आहे. आपणांस मात्र काही विकत आणावयास नको.

प्रभू येशूने वादळ शांत केल्याची कथा घ्या. ती सात-आठ छोट्या वाक्यांत बसवा. येशू नावेत बसला, असे म्हणताना मुलास घोंगडीवर बसवून ती हलकेच मागेपुढे ओढावी. तो झोपी गेला, तेव्हा गालाशी उशी द्यावी. संत मार्कने उशीचा उल्लेख केलाच आहे. वारा सुटला, की सुपाने वारा घालावा. लाटा उसळल्या, की तांब्यातील गार पाणी हातावर शिंपडावे. समुद्र ज्याने पाहिला नाही, त्याला पुराची जाम नदी तरी ठाऊक असते. शिष्य घाबरले, की परात वाजवावी. पण बेताने, कारण काही मुलांस मोठा आवाज मुळीच सोसत नाही. मग येशू उठला आणि बोलला. येथे सूप थांबावे, परात थांबावी, सर्वांनी गप्प बसावे. ही शांतता घाईने मोडू नये. वाऱ्याने आज्ञा मानली हे त्या मुलास येथेच, अंगावर कळावयाचे आहे.

शब्द दर वेळी तेच, क्रमही तोच. मोठ्यांस कंटाळा येईल. मुलास सहसा येत नाही. प्रत्येक वाक्यानंतर थांबून त्याच्याकडे पाहावे. काही आठवड्यांनी पाण्याचे वाक्य येण्यापूर्वीच त्याने हात पुढे केला, तर कथा पोहोचली असे समजावे. भाषा घरचीच असावी. शाळेत हिंदी कानी पडत असली, तरी आई ज्या बोलीत जेवावयास हाक मारते, त्याच बोलीत येशूही बोलावा. मात्र बोबडे बोलू नये. बारा वर्षांच्या मुलास तान्ह्या बाळासारखे वागविणे हा त्याचा अपमान होय.

आता ख्रिस्तप्रसादाविषयी. परमगुरुस्वामी संत दहावे पायस यांच्या काळी, १९१० साली निघालेल्या आज्ञापत्राने स्पष्ट केले, की प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी धर्मतत्त्वांचे संपूर्ण ज्ञान लागत नाही. बालकाने आपल्या शक्तीप्रमाणे मुख्य सत्ये जाणावीत, आणि ही भाकर रोजच्या भाकरीहून निराळी आहे हे ओळखावे. अमेरिकेतील महागुरुस्वामींनी १९९५ साली आपल्या लोकांस सांगितले, की ही ओळख शब्दांनीच दाखविली पाहिजे असे नाही. ती वागण्याने, खुणेने, आदरयुक्त मौनानेही दिसू शकते. तेव्हा प्रभुभोजनाची कथाही अशीच सांगावी. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी मुलाने हुंगावी, मोडावी, इतरांस वाटावी. मग मिस्सेत त्याला मागे दाराशी न ठेवता पुढच्या बाकावर बसवावे. तेथे घंटा वाजते, सर्वजण गुडघे टेकतात, आणि जी भाकर उंचावली जाते ती येथे कोणी घासासारखी मोडून खात नाही, हे त्याचे डोळे टिपतात.

येत्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही वादळाची कथा सांगणार आहोत. ज्यांच्या घरी असे बालक आहे, त्यांनी त्यास अवश्य आणावे. भावंडांनीही यावे, घोंगडी ओढावयास हात लागतील. सूप आमच्याकडे नाही, ते कोणीतरी घरून आणावे.