पेटी रद्दीत देण्याआधी

खालूंचा इंतकाल झाला तेव्हा मी पुण्यात होतो. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पाचोऱ्याला पोहोचलो, जनाजा उचलायच्या थोडं आधी. कब्रस्तानातून परतताना एक गृहस्थ म्हणाले, "अर्ध्या गावाच्या पाट्या यांनी रंगवल्या." खरं होतं. कृषी केंद्रं, शिंप्यांची दुकानं, ट्रकची फाळकी, मदरशाची कमान, मंडळाचे फलक, सगळीकडे खालूंचा हात फिरलेला. गावात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. ते 'पेंटर' होते.

खालाची इद्दत संपल्यावर घर आवरायला काढलं. माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली आली. आत कडक झालेले ब्रश, सुकलेले इनॅमलचे डबे, अक्षरांचे खाके, उर्दू आणि मराठी वळणाच्या वह्या, आणि दुकानासाठी नाही तर स्वतःसाठी काढलेल्या चित्रांचा एक गठ्ठा. मावसभाऊ माझ्याकडे बघू लागले. घरात इंजिनिअरिंग केलेला मी एकटा. मी म्हणालो, "मोबाइलवर दोन-चार फोटो काढा, बाकी रद्दीत द्या. फ्लेक्सच्या जमान्यात हे कोण बघणार?"

खाला काही बोलली नाही. तिने पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली.

मी तेव्हा चुकलो होतो. ही चूक आपल्या बऱ्याच घरांत होते, म्हणून लिहितोय.

मरहूम नवरा किंवा बायको कलाकार असेल, तर त्यांची आठवण ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं? आपल्या डोळ्यांसमोर पटकन ताजमहाल येतो. मुमताज महल वारली ती आपल्या शेजारी, बुऱ्हाणपुरात, १६३१ साली. आधी तिला तापीच्या पलीकडे जैनाबादला दफन केलं होतं, मग आग्र्याला नेलं. पण संगमरवर बादशहाला परवडतो. शिवाय कबर पक्की बांधू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मग आपल्या हातात उरतं काय? बरसी, फातेहा, फ्रेममधला एखादा फोटो. तोही काही घरांत लावत नाहीत.

या प्रश्नाचं एक उत्तर पाचोऱ्याहून दीड-दोन तासांच्या अंतरावर दगडात कोरलेलं आहे. अजिंठा गावात पारोची कबर आहे. लेण्या बघायला गेलेले बहुतेक लोक फर्दापूरवरूनच परत फिरतात, वर गावात जात नाहीत. मीही तिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा गेलो.

रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेतला अधिकारी आणि चित्रकार. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. तो अजिंठा गावात राहिला आणि वर्षानुवर्षं लेण्यांच्या अंधारात मोठमोठ्या कॅनव्हासवर चित्रं उतरवत राहिला. पारो त्याची इथली सोबतीण. त्याचं आधी लग्न झालेलं होतं, त्यामुळे कागदावर ती त्याची कुणीच नव्हती. पानाफुलांचे, मातीचे रंग ती त्याला करून द्यायची, असं लोक सांगतात. २३ मे १८५६ रोजी ती वारली. गिलने कबर बांधली आणि तिच्यावर दगड बसवला. त्या दगडावर तिचं नाव आहे, मृत्यूची तारीख आहे आणि ती त्याला प्रिय होती एवढं आहे.

त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्याने एका हिंदुस्थानी बाईसाठी उघडपणे एवढंही करणं लहान गोष्ट नव्हती. इतरांनी अशी नाती लपवली. पण आज त्या दगडासमोर उभं राहिलं की आणखी काहीच कळत नाही. ती कुठली, कुणाची, चित्रांत तिचा हात किती? पारोबद्दल जे सांगितलं जातं ते सगळं दंतकथेत जमा झालं. ना. धों. महानोरांनी त्यावर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं, २०१२ साली चित्रपटही आला. तिच्याबद्दल सगळे बोलले, पण तिचं स्वतःचं एक वाक्य कुठे नाही.

गिलच्या चित्रांचं काय झालं, तेही ऐका. त्याने केलेल्या नकला लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि मोजकी सोडून सगळी चित्रं जळाली. वीसेक वर्षांची मेहनत, आणि दुसरी प्रत नव्हती. उलट त्याने काढलेले लेण्यांचे फोटो टिकले, कारण त्यांच्या अनेक प्रती निघाल्या होत्या आणि ते पुस्तकात छापले गेले होते. आमच्या धंद्यात ज्युनिअर मुलांना पहिल्या आठवड्यात सांगतात, की ज्याची एकच प्रत आहे ते गेलंच म्हणून समजा. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. पारो घाटावर, तो तापीच्या काठी. मध्ये आपलं खानदेश.

दगडाच्या पुढे काय करता येतं, हे बघायचं तर लक्ष्मीबाई टिळकांकडे जावं लागतं. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबलेलं होतं. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख लग्नानंतरची. पण त्यांनी ते काव्य हातात घेतलं आणि साठाहून जास्त अध्याय स्वतः लिहिले. नवऱ्याचं अर्धवट काम पुरं करणं, याहून मोठी श्रद्धांजली मला सुचत नाही.

त्याहून मोठं काम त्यांनी आणखी एक केलं. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत आली. त्यात टिळक देवमाणूस नाहीत. रागीट आहेत, न सांगता घरातून निघून जातात, हातात पैसा टिकत नाही. धर्म बदलतात तेव्हा बायको मागे उरते, वर्षानुवर्षं वेगळी राहते आणि मग स्वतःच्या विचाराने त्यांच्याकडे येते. लक्ष्मीबाई हे सगळं लिहितात आणि हसतातही. त्याच पानांत ठोंबरे भेटतात, म्हणजे आपले धरणगावचे बालकवी, जे टिळकांच्या घरी राहिले आणि १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. आज टिळकांच्या कविता न वाचलेला माणूससुद्धा टिळकांना ओळखतो, तो बायकोने लिहिलेल्या त्या खऱ्या पुस्तकामुळे. आणि हे मराठीतलं अव्वल पुस्तक एका अल्पसंख्याक घरातून आलं, हे आपण मराठी बोलणाऱ्या मुसलमानांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. मराठी कुणा एकाची नाही, आणि आपलं घर त्या भाषेत सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

नवऱ्याने बायकोची आठवण अशी ठेवल्याचं उदाहरण उर्दूत आहे. सफिया अख्तर लेखिका होत्या, भोपाळच्या हमीदिया कॉलेजात शिकवायच्या. शायर मजाज यांची बहीण, जावेद अख्तर यांची आई. नवरा जाँ निसार अख्तर सिनेमासाठी मुंबईत. सफिया नोकरी करत, दोन मुलं सांभाळत, आजारपण काढत त्यांना पत्रं लिहायच्या. १९५३ साली त्या वारल्या. जाँ निसार यांनी ती पत्रं 'हर्फ-ए-आशना' आणि 'जेर-ए-लब' या दोन पुस्तकांत छापली. त्या पत्रांत प्रेम आहे, तसा एकटेपणाही आहे, पैशाची ओढाताण आहे, दूर राहणाऱ्या नवऱ्याची वाट बघणं आहे. छापणाऱ्या नवऱ्याला ती सगळीच पत्रं मानाने मिरवावीत अशी नाहीत. तरी छापली, म्हणून आज सफिया ही कुणाची बहीण, बायको, आई एवढीच उरत नाही. तिचा आवाज उरतो.

तीन उदाहरणं शेजारी ठेवली की माझं म्हणणं स्पष्ट होतं. पारोला नाव मिळालं, आवाज मिळाला नाही. टिळकांना आणि सफियाला आवाज मिळाला, कारण मागे राहिलेल्या जोडीदाराने काम सांभाळलं, खरं सांगितलं आणि लोकांच्या हवाली केलं. गेलेल्या कलाकाराचं काम ही अमानत आहे. ती कुलपात ठेवली की हळूहळू संपते. रद्दीत घातली तर त्याच दिवशी.

काहीजण विचारतील, हे सगळं दिखाव्यात मोडत नाही का? गेलेल्यासाठी दुआ पुरेशी नाही का? दुआ आहेच. पण हजरत खदीजांच्या इंतकालानंतर हुजूर (स.) काय करायचे ते आठवा. बकरी जबह केली की खदीजांच्या मैत्रिणींकडे त्यातला वाटा आठवणीने पाठवायचे. वर्षं उलटली, तरी त्यांचं नाव त्या घरात घेतलं जायचं. म्हणजे आठवण फक्त मनात नव्हती. तिला रोजच्या व्यवहारात जागा होती. आणि माणसामागे चालू राहणाऱ्या गोष्टींत लोकांच्या उपयोगी पडणारा इल्म आहे, हे तर आपण प्रत्येक जनाज्यानंतर ऐकतो. अक्षराचं वळण हा इल्म नाही का?

बार्शीचे शाहीर अमर शेख, चित्रकार अब्दुलरहीम अलमेलकर यांची नावं टिकली. पण प्रत्येक तालुक्याच्या गावात आपले पेंटर होते, बँडवाले होते, कव्वाल होते, मेहंदीची आणि जरीची कारागीर असलेल्या बायका होत्या. त्यांची पेटी कुठे आहे? "कोण बघणार" हे मी म्हणालो तसंच सगळे म्हणतात. जळगावच्या बहिणाबाईंच्या ओव्या घरच्यांनी वहीत उतरवून ठेवल्या नसत्या, तर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापायला काय उरलं असतं?

दोस्तांनो, हे काम अवघड नाही. आपल्या पिढीच्या खिशात त्याची सगळी साधनं आहेत.

पहिली गोष्ट, मागे राहिलेल्या माणसाला आधी विचारा. वस्तू नंतर. मोबाइल समोर ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि एकेक चित्र, एकेक वही दाखवत विचारा, हे कधीचं, कुठलं, कुणासाठी केलं. घाई करू नका. रडू आलं तर थांबा, दुसऱ्या दिवशी बसा. नको म्हणाल्या, तर तेही ऐका.

दुसरी गोष्ट, फोटो उन्हाच्या आडोशाला, दिवसाच्या उजेडात काढा. फाइलला गावाचं नाव, वर्ष आणि कलाकाराचं नाव द्या. नाव नसलेला फोटो दहा वर्षांनी कुणाचाच नसतो.

तिसरी, तीन प्रती. एक घरात, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. क्रिस्टल पॅलेस आठवा.

चौथी, हक्क. आपल्या कायद्यात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या कामावरचा कॉपीराइट त्याच्या वारसांकडे असतो. बायको वारस आहे. कुणी चित्र मागायला आलं, तर सौदा मुलांनी परस्पर करायचा नाही. तिला विचारायचं.

आणि शेवटची, खोटं कौतुक लिहू नका. तो रागीट होता तर तसं लिहा. उधारी बुडवणाऱ्यांच्या पाट्या हसत रंगवायचा तर तेही. ज्याला सगळेच चांगलं म्हणतात, त्या माणसाचा चेहरा आठवत नाही.

बकरी ईदला मी पाचोऱ्याला गेलो तेव्हा खालाची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी नको बेटा, दुपारी दोन तास बस." किल्ली सोडली, पेटी उघडली. मी रेकॉर्डिंग लावलं. एका वहीत मराठी पाट्यांचे मजकूर होते आणि जागोजागी लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले. मी विचारलं, "हे कुणी तपासलं?"

"मी," खाला म्हणाली. "ते उर्दू शाळेतले. मी सातवीपर्यंत मराठीत शिकले. पाटीवर जायच्या आधी प्रत्येक अक्षर माझ्याकडून जायचं."

लहानपणापासून त्या घरात जातोय, पण हे मला माहीत नव्हतं. मावसभावांनाही नव्हतं. अर्ध्या गावाच्या मराठी पाट्या दोघांच्या होत्या आणि आम्ही 'पेंटर' एकालाच म्हणत होतो. मी पेटी रद्दीत दिली असती तर खालूंबरोबर खालाही गेली असती, जिवंत असताना.

आतापर्यंत आमची अकरा रेकॉर्डिंग झाली आहेत. गावात त्यांच्या ज्या पाट्या अजून शाबूत आहेत, त्यांचे फोटो मावसभाऊ काढतोय. फाइलच्या नावात आम्ही दोघांची नावं घालतो.

तुमच्या घरातही एखादी पेटी असेल. या सुट्टीत ती उघडा, आणि जिच्याकडे किल्ली आहे तिला शेजारी बसवा.