खिळ्यांतून धावणारे हस्ताक्षर
मार्सेय येथील फोंदरी ऑलिव्ह या खिळे ओतणाऱ्या कारखान्यासाठी रोजे एक्सकोफाँ यांनी स्वतःच्या हस्ताक्षरावरून घडवलेला ‘मिस्त्राल’ हा रोमन अक्षरसंच १९५३ साली बाजारात आला, आणि दक्षिण फ्रान्सच्या सुसाट वाऱ्याचे नाव त्याला शोभलेही. खिळा म्हणजे एकाच अक्षराचा सुटा धातूचा ठोकळा. त्यामुळे लेखणी न उचलता लिहिल्याचा भास साधायचा, तर प्रत्येक लहान अक्षराची शेवटची रेघ ठोकळ्याच्या कडेला अशा बेताने संपावी लागे की, शेजारी कोणतेही अक्षर आले तरी सांधा जुळावा. एवढा काटेकोरपणा पाळूनही ही अक्षरे कवायतीत उभी न राहता किंचित वरखाली होत धावतात, हे एक्सकोफाँ यांचे खरे कसब होय. फ्रान्समधील दुकानांच्या पाट्यांवर हे वळण रुळले, तर ‘ड्राइव्ह’ (२०११) या अमेरिकी चित्रपटाची श्रेयनामावली त्यातच, तीही भडक गुलाबी रंगात, झळकली. सलग मजकुराला मात्र ते मानवत नाही, कारण तेच अक्षर दर वेळी हुबेहूब तसेच उमटते आणि हस्तलेखनाचा आभास चार-सहा शब्दांपुढे टिकत नाही. सगळा शब्द कॅपिटल अक्षरांत रचणारा पाटीकार तर तो सांधाच मोडून टाकतो.