आजारी मोत्या आणि आपली घाई

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोत्याने अन्न सोडले. अंगात ताप, हिरड्या पांढऱ्याफटक, पायांत त्राण नाही. आदिलाबादेत पावसाळ्यात गोचिडांना तोटा नसतो. डॉक्टरांनी रक्त तपासले. त्यात काही आढळले नाही. पण गोचीड-तापाचे जंतू रक्ताच्या एका थेंबात सापडतीलच असे नसते. "औषध सुरू करू, निश्चित सांगवत नाही," एवढेच ते म्हणाले.

शेजाऱ्यांना मात्र सारे निश्चित ठाऊक होते! कुत्रे पाण्याला तोंड लावत नाही, अर्थात पिसाळले, संपवा त्याला. वास्तविक पिसाळलेले कुत्रे पाण्याला भिते ही समजूतच चुकीची. घशाचे स्नायू लुळे पडल्याने त्याला गिळता येत नाही, इतकेच. आरंभी ते पाणी पितेही. या रोगाची खात्री मेंदू तपासल्यावरच, म्हणजे मृत्यूनंतरच होते. मात्र लक्षणे दिसल्यावर असे कुत्रे सहसा १० दिवसांपलीकडे जगत नाही. म्हणून आम्ही मोत्याला वेगळे बांधले, मुलांना दूर ठेविले आणि दिवस मोजले. पाश्चरने १८८५ साली लस टोचल्यापासून चावा म्हणजे मरण असे राहिलेले नाही. जखम साबणाने १५ मिनिटे धुवून तत्काळ लस घ्यावी. भीतीपोटी मुक्या जिवाचा निवाडा करणे मला अन्याय्य वाटते.

धाकटीने विचारले, "बरा होईल ना?" होईल म्हणणे सोपे होते. "अजून कळलेले नाही," मी म्हटले. मुलांना खोटा दिलासा देऊ नये, असे माझे मत आहे. ती रडली; मग रोज सकाळी दिनदर्शिकेवर खूण करू लागली.

अकराव्या दिवशी मोत्याने अर्धी भाकरी खाल्ली. आजाराचे नाव आम्हांस आजही ठाऊक नाही.